मौनाचं जेवण

‘‘भाऊजीची खुर्ची तशीच ठेवली हाय, वहिनी,’’ खानावळीची बाई अगदी सहज म्हणाली, आणि भिंतीपाशी असलेली एक जुनी खुर्ची पुढं ओढून तिनं पदरानं पुसली. खुर्चीचा एक पाय आखूड होता. सदाशिवराव बसले ते तो पाय न बघताच, चपलेच्या टोकानं त्यांनी तो फरशीतल्या एका खोलगटात बरोबर बसवला, आणि खुर्ची डुगडुगायची थांबली. एवढंच झालं. पण प्रमोदिनीच्या छातीत काहीतरी दचकलं. असा पाय न बघता बसवणं एका दिवसात येत नाही. घरात त्यांचा पाट होता, त्यावर बसताना ते अजूनही एकदा खाली बघत आणि मगच धोतर सावरून टेकत. इथं मात्र त्यांचं अंग आपोआप बसलं होतं, चोरकप्प्यातल्या वस्तूकडे हात अंधारातही जातो तसं. म्हणजे हे येतात इथं. नेहमी येतात. कचेरी सुटल्यावर घरी यायला उशीर व्हायचा तो इथं व्हायचा. ती समोरच्या खुर्चीच्या कडेवर टेकली, आणि टेकल्यावर तिच्या लक्षात आलं, की लग्न होऊन नलूसारखी लेक सासरी गेली, तरी आपण यांच्याबरोबर, असं समोरासमोर, जेवायला कधी बसलेलोच नाही.

जागा म्हणजे रुळांपलीकडच्या बंद पडलेल्या कापूस-प्रेसचं गुदाम. कापसाच्या गाठी गेल्या तरी सरकीचा तेलकट वास भिंतींतून गेला नव्हता. निळं मेणकापड घातलेली चार मेजं, पलीकडच्या मेजावर एका रेल्वेच्या गार्डाचं कुटुंब, त्याची दोन पोरं खुर्चीवर गुडघे टेकून पावाचे तुकडे वाटीत बुडवत होती आणि त्यांची आई त्यांना रागवायचं सोडून हसत होती. कोपऱ्यात एका फळीवर काळपट पडलेली तसबीर होती, त्यात डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई आणि तिच्या कडेवर मूल, आणि तिच्यापुढे तेलाचा लहानसा दिवा. प्रमोदिनीनं बसल्याबसल्या हात जोडले. कुणाची का असेना, आईच होती, आणि दिवा तेलाचाच होता. मालक ग्रीस देशातला. यानिस की कायसं नाव, गावानं त्याचा जानीसाहेब करून टाकला होता. लढाईच्या आधी कापूस पारखायला आला, कंपनीचे साहेब पेट्या बांधून गेले तरी हा राहिला, आणि प्रेसमध्ये कापूस निवडणाऱ्या अल्लीपूरच्या धुरपताशी लग्न करून त्यानं ही खानावळ घातली. हे सगळं सदाशिवरावांनी काल रात्री सांगितलं होतं, कंदिलाची वात कमी करता करता, जणू कुणा लांबच्या माणसाची हकीकत सांगावी तसं. तिथं माझी खुर्ची आहे, हे काही सांगितलं नव्हतं.

काल ते म्हणाले होते, ‘‘उद्या आपण बाहेर जेवू. दोघंच.’’ ती निरांजनाच्या वाती वळत होती. श्रावण चालू आहे, परान्न घ्यायचं नाही, कांदा-लसूण नाही, वांगं नाही, हे त्यांना सांगायची गरज नव्हती, इतक्या वर्षांत त्यांना तिचे नेम तिच्यापेक्षा जास्त पाठ झाले होते. तेच भराभर सांगू लागले. जानीसाहेबालाही सध्या उपास आहेत. त्यांच्या देवाच्या आईचे. पंधरा ऑगस्टपर्यंत मांस नाही, अंडं नाही, मासळी नाही, दूधसुद्धा नाही. त्याची चूल या दिवसांत आपल्या चुलीइतकीच स्वच्छ. मी कांद्याचंही सांगून ठेवलंय. बोलता बोलता त्यांचा आवाज फाटला, फडकं फाटावं तसा, आणि ते थांबले. परवाच्या मेलनं मुंबईला निघायचं होतं. नागपूरच्या डॉक्टरनं घशातल्या गाठीला बोट लावून सांगितलं होतं, की कापावं लागेल, आणि कापलं की जीव वाचेल बहुधा, पण आवाज राहायचा नाही. तिनं वात वळून तेलात टाकली. जन्मात त्यांनी तिच्याजवळ काही मागितलं नव्हतं. येईन म्हणाली. मनात म्हटलं, दही आणि केळं घेईन, म्हणजे नेमही राहील आणि यांचं मनही राहील.

आणि इथं येऊन बघते तर दहीच नव्हतं. जानीसाहेब पुढं आला, अंगानं अस्ताव्यस्त, मिशा पिकलेल्या, आणि हमालांच्यात राहून शिकलेलं वऱ्हाडी बोलू लागला तसं तिला हसूही आलं आणि ते दाबावंही लागलं. ‘‘दही नाई वहिनीबाई. पंधरा तारखेलोक दही नाई, तूप नाई. पंधराले माझा उपास सुटते अन् साऱ्या देशाले सुट्टी भेटते. झेंडे लावते, पोट्ट्याईले मिठाई वाटते. एका म्हाताऱ्याच्या उपासाचं एवढं कौतुक दुसऱ्या कोन्या देशात हाय, सांगा.’’ धुरपता आतूनच म्हणाली, की पुरे झालं, वर्साले तेच ते सांगता, बाईले बसू तर द्या. सदाशिवराव हसले. हसले म्हणजे खांदे हलले, आवाज आलाच नाही. प्रमोदिनी त्यांच्याकडे बघत राहिली. हा विनोद त्यांनी आधी ऐकलेला होता, आणि तरी ते हसले होते, जसं घरच्या माणसाच्या विनोदाला हसतात तसं. तिला स्वतःचीच लाज वाटली, पण वाटलं ते वाटलंच. यांचं हसू इथं येऊन सांडत होतं इतके दिवस, आणि आपण घरी ताटाला रांगोळी काढून वाट बघत होतो.

जानीसाहेब मग त्याच्या बेटावरचं सांगत बसला. तिकडे द्राक्षाची पानं घेतात, त्यात भात भरतात. वर्ध्याले द्राक्षाचं पान कुठून यावं, म्हणून पहिल्या साली त्यानं अळूची पानं घेतली, आणि रात्रभर घसा खाजवत बसला, तेव्हा या धुरपतानं सांगितलं, की खुळ्या, चिंच घातल्याबिगर अळू कोणी खाते का. आपण घसा म्हणालो हे ध्यानात येऊन त्यानं जीभ चावली. सदाशिवराव मेणकापडावरचा डाग नखानं खरवडत होते. एकदम तिच्या ध्यानात आलं, की यांचा आजार या नवराबायकोला ठाऊक आहे. आपल्याला ठाऊक होण्याच्या आधीपासून ठाऊक आहे. धुरपतानं त्यांच्यापुढं न सांगता एक खोल वाडगा आणून ठेवला होता, वरणाचा, गाळून पाण्यासारखा पातळ केलेला, आणि पावाची कडा काढून टाकलेली होती. पहिल्याच दिवशी कुणी न सांगता कडा काढत नाही.

आपल्याला यांनी कधी सांगितलं होतं? तिला तो दिवस नको असताना आठवला. ती जेवत होती. ते जेवून उठले होते, त्यांच्याच ताटात तिनं स्वतःला वाढून घेतलं होतं, आणि पहिला घास गेला होता. घास गेला की तिचं मौन सुरू होई, हात धुवेपर्यंत. मध्ये शब्द निघाला तर पान तिथंच सोडून उठायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही, असा तो नेम. ते दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले, घसा खाकरला, आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघत म्हणाले, ‘‘नागपूरच्या डॉक्टरनं कॅन्सर सांगितलाय.’’ मग गाठीचं, कापायचं, आवाजाचं. तिच्या हातात भाताचा घास होता, ताकाचा ओघळ मनगटावरून कोपराकडे जात होता. तिनं तो घास तोंडात घातला. चावला. पुढचाही घातला. सगळं ताट संपवलं, कारण पानात टाकायचं नसतं, आणि हात धुऊन, चूळ भरून, पदराला हात पुसून मग विचारलं, ‘‘कधी निघायचं?’’ त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर तिला कळलं, की हे काही आजचंच नाही. आर्वीहून बदली झाली ते त्यांनी असंच सांगितलं होतं. तिच्या भावाचा शेतातला अपघात असाच. नलूच्या पहिल्या स्थळानं नकार दिला ते असंच. वाईट बातमी घेऊन ते तिच्या जेवणाची वाट बघत, कारण तेव्हा ती उलट काही विचारू शकत नसे, रडू शकत नसे. ते भित्रे होते म्हणून, की तिचा हंबरडा त्यांना सोसला नसता म्हणून, कोण जाणे. पण तिचं मौन त्यांनी एखाद्या कोनाड्यासारखं वापरलं होतं. जे कुठं ठेवता येत नाही ते तिथं ठेवायचं.

आणि ते मौन कशासाठी होतं हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांना वाटे, सासूबाईंनी लावलेली शिस्त. सासूबाईंनी लावली ती फक्त चातुर्मासापुरती. माहेरी आर्वीला प्रमोदिनी जेवताना इतकी बोलायची, की भाऊ हसून हसून नाकातून पाणी काढायचे आणि आई म्हणायची, हिला वाढू नका, हिचं पोट बोलण्यानंच भरतं. नवी नवरी होऊन आली तेव्हा चातुर्मास संपायची ती दिवस मोजून वाट बघायची. मग नलू रांगत असताना सदाशिवरावांना विषमज्वर झाला. हिंगणघाटच्या त्या भाड्याच्या घरात, अंगावर ओली चादर, डोळे अर्धे उघडे आणि बुबुळं वर गेलेली. वैद्य मान हलवून गेला. ती देव्हाऱ्यापुढे बसली आणि विचार करू लागली, की देवाला द्यावं असं आपल्याजवळ काय आहे. दागिना देवाला कशाला हवा. आपल्याला सगळ्यांत गोड काय लागतं? चार माणसांत बसून, तोंडात घास असताना बोलणं. तिनं तेच दिलं. हे वाचले तर जन्मभर जेवताना माझ्या तोंडून शब्द निघणार नाही. पहाटे त्यांना घाम सुटला. कुणाला सांगितलं नाही, सांगितलं की नवस फिका पडतो असं तिला वाटे. तेव्हापासून जेवणाच्या वेळी ते बोलत नव्हते आणि ती बोलत नव्हती, पहिल्यांदा तिच्या नेमानं आणि मग सवयीनं, आणि घरातलं जेवण म्हणजे भांड्यांचा आवाज तेवढा उरला.

धुरपतानं पळसाच्या दोन पत्रावळी मांडल्या, आणि मधोमध पितळेची परात ठेवली. परातीत अळूच्या पानांच्या बोटाएवढ्या गुंडाळ्या गोल रचलेल्या, वर लिंबाच्या फोडी, पोटात भात भरलेले तांबडे टोमॅटो, तिळाच्या तेलाचा वास. चूल पहाटेच सारवली, आंघोळ करून लुगडं वाळवलेलं नेसली, आणि कांद्याचा हात लागू दिला नाही, असं धुरपता हळूच, तिच्या कानाशी लागून म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता आत गेली. प्रमोदिनीनं बाजूला गाईचा घास काढला. सासूबाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या हे मनात आलं, पण फार लांबून आलं, विहिरीत पडलेल्या भांड्याच्या आवाजासारखं. कुणी वाढत नव्हतं. परातीतून ज्यानं त्यानं घ्यायचं होतं. तिचा हात सवयीनं आधी त्यांच्या पत्रावळीकडे गेला, दोन गुंडाळ्या ठेवल्या, मग आपल्याकडे एक. तिनं ती मोडली. आंबट, मऊ, पोटात बडीशेपेच्या पाल्यासारखा काही वास. आणि तोंडात घातली. मौन सुरू झालं.

घरी ती त्यांना वरून बघायची. वाढताना वाकलं की दिसायचा तो त्यांचा भांग, मग पिकत गेलेली शेंडी, मग विरळ झालेली टाळू. ते जेवून गेले की ताट दिसायचं. तिला त्यांचं जेवण ठाऊक होतं ते उरलेल्यावरून. शेवग्याची शेंग कशी चोखून एका रांगेत ठेवतात, चटणीला बोट एकदाच लावतात, भाजीतली मिरची न रागावता ताटाच्या काठावर नेऊन ठेवतात. पुराणात पायांच्या ठशांवरून देव ओळखतात तशी ती त्यांना उष्ट्यावरून ओळखायची. आज ते ठसे उमटताना दिसत होते. ते पाव वरणात बुडवत, तो विरघळेपर्यंत धरून ठेवत, मग तोंडात घेत, आणि घेतल्यावर दोन्ही हात मेजाच्या कडेवर ठेवत. मग थांबत. मग हनुवटी खाली छातीकडे जाई. डोळे मिटत. आणि घास जाई. अळूच्या गुंडाळीला त्यांनी हात लावला नव्हता. त्यांच्यासाठी परात नव्हतीच. परात तिच्यासाठी होती, त्यांनी तिच्यासाठी सांगून करवून घेतली होती. ती काय खाते, कसं खाते, तिला आवडतं का, हे बघायला ते आले होते.

जानीसाहेब येऊन मेजापाशी उभा राहिला. कसं झालं, असं त्यानं विचारलं. तिनं मान खाली घातली. त्याला वाटलं, चिंच कमी पडली. तो आत जाऊन चिंचेचा कोळ घेऊन आला. पुन्हा विचारलं. ती गप्प. मग त्यानं टोमॅटो पुढं केला, मग घेवड्याच्या दाण्यांची उसळ आणली, मग तिळाची वडी, एकामागून एक, आणि दर वेळी त्याचा चेहरा जास्त जास्त उतरत गेला, नापास होणाऱ्या पोराच्या बापासारखा. सदाशिवराव सांगणार होते, पण त्यांच्या तोंडात घास होता आणि तो जायला वेळ लागत होता. शेवटी प्रमोदिनीनं ओठांवर बोट ठेवून पानाकडे दाखवलं. जानीसाहेब आणखीच घाबरला. धुरपता मात्र चुलीवरून बघत होती, तिनं कपाळावर हात मारला. ‘‘काऊन तरास देता जी तिले? बाईचं मौन हाय जेवताचं. आमच्या अल्लीपुरात पाटलीणबाईचं राहे. बोलली का पानावरून उठा लागते. उपाशी उठवता का तिले?’’

मग जे झालं ते त्या माणसालाच सुचावं. जानीसाहेबानं दोन्ही हातांनी आपलं तोंड झाकलं, तसबिरीकडे बघून छातीवर बोटं टेकवली, आणि चवड्यांवर चालत गार्डाच्या मेजाकडे गेला. तिथं त्यानं कुजबुजत काही सांगितलं. गार्डाच्या बायकोनं मागं वळून प्रमोदिनीकडे पाहिलं, ओळखीचं हसली, आणि पोरांच्या मांडीवर थोपटून त्यांना गप्प केलं. पोरं मोठ्या डोळ्यांनी बघत पाव चघळू लागली. धुरपतानं भांडी घासायची थांबवली. एका परक्या बाईचा नेम मोडू नये म्हणून ती सगळी माणसं गप्प बसली. प्रमोदिनीचे डोळे भरून आले. देवळात सुद्धा आपल्यासाठी कुणी एवढं केलं नसतं, असं तिला वाटलं, आणि ती खाली बघून घास मोडू लागली.

आणि त्या शांततेत तिला तो आवाज ऐकू आला.

घास गिळतानाचा. ओल्या मातीतून पाय ओढून काढावा तसा एक आवाज, मग मध्येच अडकून थांबणं, मग पुन्हा. घरी कळशी वाजायची, पळी वाजायची, ती स्वयंपाकघरात पाठमोरी असायची, ते भरभर दोन घास घेऊन पुरे म्हणायचे आणि ती मनात म्हणायची, कचेरीची घाई. आज सगळ्यांनी मिळून तिच्यासाठी मौन धरलं होतं, आणि त्या मौनाच्या मधोमध त्यांचा घसा उघडा पडला होता. त्यांनाही ते कळलं. त्यांनी पुढचा घास उचलला आणि तसाच वाडग्यात सोडला. सगळ्या खोलीला ऐकू जाईल म्हणून ते जेवायचे थांबले. गार्डाच्या बायकोनं नजर दुसरीकडे नेली. सदाशिवरावांनी तोंड पुसलं, खिडकीबाहेर बघितलं, आणि घसा खाकरला.

ते खाकरणं ती ओळखत होती. दाराच्या चौकटीतलं खाकरणं. आता ते सांगणार, की मी परत आलो नाही तर काय करायचं. त्यासाठीच हे जेवण, तिच्या तोंडात घास असताना, तिला उत्तर देता येणार नाही तेव्हा. तिच्या बोटांमध्ये अळूचं पान होतं. ती देवाला शोधू लागली, तसबिरीत नाही, आपल्या देव्हाऱ्यातल्या देवाला, जिथं तिनं ते दान टाकलं होतं. इतकी वर्षं मी पाळलं. तू यांना ठेवलंस, मी बोलले नाही. आज बोलले तर तू यांना नेशील का? पण मग तिला वाटलं, की देवाला मौनच हवं असेल, तर मुंबईहून आल्यावर ते आपल्या घरात असणारच आहे. तो यांचा आवाज नेतोच आहे. एका घरातून दोन माणसांचं मौन तो घेणार नाही. एवढा हावरा तो नाही. हे खरं की आपल्या मनाचे खेळ, ते तिला कळलं नाही. कळायला वेळ नव्हता. सदाशिवरावांनी तोंड उघडलं होतं.

‘‘थांबा,’’ ती म्हणाली.

आवाज तिचाच होता, पण बारीक, माहेरचा. खोलीत कुणी हललं नाही. सदाशिवरावांचा हात तसाच अधांतरी राहिला. मग त्यांच्या चेहऱ्यावर अशी काही घालमेल उठली, की जणू त्यांनीच तिच्या हातून काही फोडलं. ‘‘बोललीस,’’ ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. ‘‘अगं, बोललीस तू. आता उठशील. उद्यापर्यंत उपाशी राहशील. मी काही म्हटलं नव्हतं अजून.’’ आणि ते हात धुवायला तांब्या शोधू लागले, तिच्या नेमाचा पुढचा भाग तिला नीट पार पाडता यावा म्हणून.

‘‘उठत नाही,’’ ती म्हणाली, आणि घास तोंडात घातला. चावता चावता बोलू लागली. तोंडात घास असताना शब्द कसे वळवायचे ते ती विसरली होती, एक शीत ओठावर आलं ते तिनं बोटानं आत लोटलं. हिंगणघाटची ती रात्र तिनं सांगितली. ओली चादर, वैद्य, देव्हारा. फार वाढवून नाही, एखाद्या भाजीची कृती सांगावी तसं. सदाशिवराव ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांची मान एका बाजूला कलली.

‘‘मला वाटलं, आईनं लावून दिलेलं,’’ ते म्हणाले. ‘‘मी तर मनात आईवर रागावत असे. म्हणायचो, माझ्या घरातलं बोलणं हिनं पळवलं. म्हणून इथं येऊन बसायचो. हा माणूस फार बोलतो.’’ मग थांबून, ‘‘माझ्यासाठी होतं?’’

‘‘तुमच्यासाठीच.’’

‘‘अन् आज मोडलंस.’’

‘‘मोडलं कुठं. मुंबईहून आल्यावर ते तुम्ही सांभाळायचं. मी पुष्कळ सांभाळलं.’’

ते हसले. या वेळी आवाज आला, फाटका, दोन ठिकाणी अडकलेला. गार्डाचं धाकटं पोर ते ऐकून खुदकन् हसलं, आणि त्याच्या आईनं त्याला दटावलं नाही. पलीकडं धुरपताचा तवा पुन्हा वाजू लागला. प्रमोदिनीनं वाडगा त्यांच्यापुढे सरकवला. म्हणाली, की आता बोला तुम्ही. ते ‘मी गेल्यावर’ वगैरे सोडून काहीही बोला. मी ऐकते. पण इतक्या वर्षांचं साठलेलं कुठून सुरू करायचं? शेवटी ते न्हाणीघराच्या पन्हाळीबद्दल बोलू लागले. ती कौलाखाली कशी सरकली आहे, आणि कवडू सुताराला काय सांगायचं. मग कचेरीतल्या एका म्हाताऱ्या पक्षकाराबद्दल, जो दर तारखेला आपल्या शेळीची गोष्ट सांगायचा. मग शेळीची ती गोष्ट. मध्ये घास घ्यायचे, गिळायचे, तो आवाज यायचा, आणि त्यांनी तो लपवायचं सोडून दिलं होतं. ती मधेच काही विचारायची. मधेच म्हणायची, की हो का, हे मला कधी सांगितलं नाहीत. आवाज हळूहळू खाली जात होता, विहिरीतलं पाणी उन्हाळ्यात जातं तसा, आणि शब्द कळायला तिला पुढं वाकावं लागत होतं. श्रावणात ती पोथीला बसायची तेव्हा वाचणाऱ्याचा आवाज बसला तरी कुणी उठत नसे. अध्याय संपेपर्यंत उठायचं नसतं. पायाला मुंग्या आल्या तरी नाही, घरी दूध उतू गेलं तरी नाही. ती तशी बसली होती, कोपर मेणकापडावर, उष्टा हात पत्रावळीत वाळून गेलेला.

गार्डाचं कुटुंब केव्हाच उठून गेलं होतं. जाताना त्या बाईनं तिच्याकडे बघून मान हलवली होती, ते तिनं अर्धवटच पाहिलं. परातीत दोन गुंडाळ्या उरल्या होत्या, लिंबाच्या फोडी सुकल्या होत्या. वरण गार होऊन त्यावर साय धरावी तसा पापुद्रा आला होता. धुरपता फडकं घेऊन आली, वाडग्याला हात लावला, आणि गार झालेलं बघून पत्रावळ उचलायला वाकली. सदाशिवराव शेळीचं काही सांगत होते, शेळी आता हिंगणघाटच्या बाजारात पोचली होती. प्रमोदिनीनं डावा हात पत्रावळीच्या कडेवर ठेवला.

‘‘राहू दे, धुरपताबाई,’’ ती म्हणाली. ‘‘आम्ही जेवून राह्यलो अजून.’’